मंडळीला पंथ सोडायचा असेल तर आधी कुठलं दार ठोठवायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"न्यू जर्सीतल्या एका प्रेसबिटेरियन मंडळीत मी सहा वर्षं रूलिंग एल्डर, म्हणजे आपल्या भाषेत वडील, आहे. माहेर कोल्हापूरचं, घराणं मिशनच्या चर्चमधलं. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. आमची मंडळी प्रेसबिटेरियन चर्च यूएसएमध्ये आहे. नोंदीवर १४२ सक्रिय सभासद, रविवारी येतात ८०-८५. सेशनमध्ये, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांच्या समितीत, आम्ही नऊ वडील, त्यातल्या सहा जणांना पंथ सोडायचा आहे. कारण २०१५चा विवाहाच्या व्याख्येतला बदल आणि आता नव्या घटनादुरुस्त्या. बेत असा आहे: चार आठवड्यांत मंडळीची सभा, साध्या बहुमताने निर्णय, आजारी आणि परगावी असलेल्यांची मतं अधिकारपत्राने. तोवर प्रेसबिटरीला, म्हणजे परिसरातल्या मंडळ्यांवरच्या विभागीय मंडळाला, पर कॅपिटा (सभासदामागे ठरलेली वर्गणी) द्यायचं बंद, आणि मृत्युपत्रांतून आलेला तीन लाख डॉलरचा निधी एका नव्या ट्रस्टकडे वळवायचा. इमारतीवर पंथाच्याच कर्जसंस्थेचं २ लाख १० हजार डॉलर कर्ज आहे. पाळकांना निवृत्तीला तीन वर्षं आहेत. इमारत आपल्याच नावावर आहे, मग अडवणार कोण, असं सगळे म्हणतात. मी जाण्याच्या विरोधात नाही, पण हा मार्ग मनाला पटत नाही. मी काय करावं?"

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या मनाला पटत नाही ते बरोबरच आहे. जायचं की राहायचं हे तुमच्या मंडळीने प्रार्थनेने आणि विचाराने ठरवायचं, त्यात आम्ही कुठल्याही बाजूने ढकलणार नाही. पण पत्रात लिहिलेला मार्ग जसाच्या तसा अमलात आला तर चार आठवड्यांनी तुमच्या हाती ना पंथ राहील, ना इमारत, ना कदाचित सेशन. आधी सभा रद्द करायला लावा. बाकीचं नंतर.

"इमारत आपल्या नावावर" यापासून सुरुवात करू, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे. सात-बारावर नाव असलं की जमीन आपली, हे आपल्या हाडात भिनलेलं आहे. तुमच्या चर्चच्या खरेदीखतावरही मंडळीच्या कॉर्पोरेशनचंच नाव असेल. पण पंथाच्या घटनेत, बुक ऑफ ऑर्डरमध्ये, जी-४.०२०३ हे कलम आहे. ते म्हणतं की मालकीचा कागद कोणाच्याही नावावर असो, मंडळीची सगळी मालमत्ता प्रेसबिटेरियन चर्च यूएसएच्या उपयोगासाठी आणि हितासाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. नाव तुमचं, वापर तुमचा, पण विश्वस्ताच्या नात्याने. म्हणूनच इमारत विकायला किंवा गहाण ठेवायला, उपासनेची जागा कितीही मुदतीने आणि बाकीची जागा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला आजही प्रेसबिटरीची लेखी परवानगी लागते. तुम्ही ते २ लाख १० हजारांचं कर्ज काढलंत तेव्हाही ती घेतलेली असणार. सेशनच्या जुन्या इतिवृत्तात तो ठराव शोधा आणि सहाही जणांसमोर ठेवा. तुमच्याच मंडळीची सही असलेला कागद शंभर युक्तिवादांपेक्षा जास्त काम करतो.

हे कलम आलं कुठून, हेही सांगायला हवं, कारण सेशनमध्ये कोणीतरी "ते मागाहून घुसडलंय" असं म्हणणारच. जॉर्जियातल्या मेकन शहरातल्या व्हाइनव्हिल मंडळीने १९७३मध्ये १६४ विरुद्ध ९४ मतांनी तेव्हाचा दक्षिणेकडचा प्रेसबिटेरियन पंथ सोडला. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७९च्या जोन्स विरुद्ध वुल्फ या निकालात न्यायालय म्हणालं की धर्ममतात न शिरता खरेदीखत, कॉर्पोरेशनची सनद आणि पंथाची घटना अशा कागदांवरून न्यायालयं मालकी ठरवू शकतात. आणि पंथांना आपला हक्क राखायचा असेल तर त्यांनी तसं आपल्या घटनेत आधीच लिहून ठेवावं. पंथांनी तेच केलं. उत्तरेकडच्या पंथाने १९८१मध्ये विश्वस्ताचं कलम घातलं, दक्षिणेकडच्याने त्यानंतर. १० जून १९८३ रोजी अटलांटात दोन्ही पंथ एक झाले आणि आजचा पंथ उभा राहिला. एकीकरणानंतर आठ वर्षांच्या आत या कलमातून सूट मागायची सोय होती, पण ती ज्यांच्यावर आधी असं कलम नव्हतं त्या, म्हणजे दक्षिणेकडून आलेल्या, मंडळ्यांसाठी. न्यू जर्सी उत्तरेकडची. टेक्साससारख्या राज्यातल्या एखाद्या चर्चने सूट घेतली होती असं कोणी सांगेल. ते खरं असेल, पण तुम्हाला लागू नाही.

न्यायालयात काय होईल? राज्यागणिक वेगळं. लुइझियानाच्या अपील न्यायालयाने २०११मध्ये कॅरोल्टनच्या मंडळीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टिंबररिज मंडळीच्या प्रकरणात प्रेसबिटरीच्या बाजूने, आणि ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये रोग रिव्हरच्या होप मंडळीबाबतही प्रेसबिटरीच्याच बाजूने. न्यू जर्सीत तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये, एपिस्कोपल चर्चच्या ग्रेव्ह्‌ज प्रकरणात, श्रेणीबद्ध पंथाच्या बाबतीत वरच्या मंडळाच्या निर्णयाचा मान राखायचा ही भूमिका घेतलेली आहे. तुमच्या राज्यात कोर्टाची पायरी चढणं म्हणजे उतारावर उभं राहून दोरखेच खेळणं. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या चर्चच्या वादांचा अनुभव इथे चिकटवू नका. तिकडे १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा आणि धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरातली नोंद यांवर गाडं चालतं. तुमच्याकडे या वादात ते दप्तरच नाही, पंथाची घटना हाच मुख्य कागद.

आता मतदानाचं. इथेच बहुतेक मंडळ्या घसरतात. आपल्या सभेत ठराव झाला की आपण बाहेर, असं त्यांना वाटतं. तसं नाही. मंडळीच्या सभेत कोणते विषय घेता येतात ते बुक ऑफ ऑर्डरमध्ये नेमकं दिलं आहे: वडील, डीकन आणि विश्वस्त निवडणं, पाळकाला बोलावणं, पाळकाशी असलेलं नातं बदलणं, जागेची खरेदी-विक्री आणि गहाणखत, असे मोजके. पंथ सोडणं त्यात नाही. २००८मध्ये हार्टलँड प्रेसबिटरीच्या प्रकरणात पंथाच्या सर्वोच्च न्यायमंडळाने हेच स्पष्ट केलं: मंडळीला एकतर्फी बाहेर पडता येत नाही; तिला निरोप देण्याचा, म्हणजे रीतसर दुसऱ्या पंथाकडे जाऊ देण्याचा, अधिकार प्रेसबिटरीचा, सभासदांशी सल्लामसलत करून. तुमच्या चार आठवड्यांनंतरच्या सभेत १४२ पैकी १४२ हात वर झाले तरी कायद्याने तुम्ही तिथेच असाल. उलट घडायचं ते घडेल. प्रेसबिटरी प्रशासकीय आयोग नेमेल, सेशनला कारभार नीट चालवता येत नाही असं ठरवून तिचे अधिकार स्वतःकडे घेऊ शकेल, आणि मंडळीत फूट पडली असं मानून "खरी मंडळी" कोणती हे ती ठरवेल. त्या कलमात, जी-४.०२०७मध्ये, साफ लिहिलंय की हा निर्णय कोणत्या गटाला जास्त मतं पडली यावर अवलंबून नाही. राहू इच्छिणारे २० जण असले तरी इमारत त्यांच्याकडे जाऊ शकते. हे वाक्य सेशनमध्ये मोठ्याने वाचून दाखवा.

तीन लाखांचा निधी नव्या ट्रस्टकडे वळवण्याचा बेत तर याहून घातक. नेमकं हेच कृत्य पाहून आयोग रातोरात नेमले जातात. शिवाय मृत्युपत्रातून आलेला पैसा दात्याच्या शब्दांनी बांधलेला असतो. प्रत्येक मृत्युपत्राची ती दोन-तीन वाक्यं उतरवून काढा: "संगीतसेवेसाठी", "इमारतीच्या देखभालीसाठी", की नुसतं "चर्चला"? एखाद्या दात्याने पंथाचं नाव स्पष्ट लिहिलं असेल तर तो पैसा कुठेही गेला तरी प्रश्न उठणार, आणि तेव्हा राज्याचे अॅटर्नी जनरलही लक्ष घालू शकतात. ज्या वडिलांनी सह्या केल्या त्यांच्यावर वैयक्तिक जबाबदारी येण्याचा धोका इथेच आहे. पर कॅपिटाचं तसं नाही. ते मंडळीवर सक्तीचं नाही, रोखणं हा नियमभंग नाही. पण निरोप मागण्याच्या तोंडावर ते बंद केलं की बोलणी सुरू होण्याआधीच विश्वास जातो, आणि शेवटी हिशेबाला बसताना थकबाकी म्हणून तेच पैसे मागितले जातात. सुरू ठेवा.

मग रीतसर मार्ग कोणता? बहुतेक प्रेसबिटऱ्यांनी निरोपाचं लेखी धोरण केलेलं आहे. २००८च्या महासभेने, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेने, अशा वेळी सातत्य, पाळकीय जबाबदारी, उत्तरदायित्व, सौजन्याची साक्ष, मोकळेपणा आणि पारदर्शकता पाळावी असं आवाहन केलं, त्यानंतर यातली बरीच धोरणं आली. तुमच्या प्रेसबिटरीच्या स्टेटेड क्लर्ककडे, म्हणजे चिटणिसाकडे, ते धोरण मागा. फोन नको, ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. त्यात तुम्हाला हवे ते आकडे असतात: किती दिवसांची नोटीस, सभेला किती गणसंख्या, किती टक्के मतं, किती टप्पे. गणसंख्या सक्रिय सभासदांच्या निम्मी किंवा अधिक, आणि मत दोन तृतीयांश किंवा पंचाहत्तर टक्के, अशा अटी सर्रास आढळतात. साधं बहुमत क्वचितच कुठे पुरतं.

पहिली पायरी म्हणजे सेशनचा ठराव, आणि तो "आम्ही जात आहोत" असा नसावा. "पंथाशी असलेल्या नात्याबद्दल विवेचनाचा काळ सुरू करावा, अशी विनंती सेशन प्रेसबिटरीला करत आहे" असा असावा. मग प्रेसबिटरी एक चमू पाठवते, बहुधा दोन-तीन पाळक आणि दोन-तीन वडील. ते सेशनला भेटतात, मग मंडळीला, मग न बोलणाऱ्यांना वेगळं भेटतात. त्यांना खुलेपणाने भेटू द्या. "ते फोडायला आलेत" असं म्हणून दार लावून घेतलेल्या सेशनचं पुढचं सगळं कोर्टात जातं. यानंतर मतदान, पण सल्ल्याचं. मग मालमत्तेच्या अटींवर बोलणी. शेवटी प्रेसबिटरीच्या सभेत निरोपाचा ठराव. वर्ष-दीड वर्ष धरून चाला. घाई केलेल्यांचा वेळ कोर्टात याहून कितीतरी जास्त गेला आहे.

या काळात सेशनने एक काम मनापासून करावं: आपल्याला नेमकं काय खटकतंय ते एका पानावर लिहून काढावं. २०१४च्या महासभेने पाठवलेली विवाहाची दुरुस्ती मार्च २०१५मध्ये मंजूर झाली. त्यातलं निर्णायक मत तुमच्याच राज्यातल्या पॅलिसेड्‌स प्रेसबिटरीचं होतं. पण त्याच दुरुस्तीत हेही आहे की कोणत्याही पाळकाला असा विवाह लावण्याची सक्ती नाही आणि कोणत्याही सेशनला त्यासाठी चर्चची जागा देण्याची सक्ती नाही. म्हणजे "उद्या आपल्यावर जबरदस्ती होईल" हे कारण असेल तर ते आजच्या घटनेत बसत नाही. २०२४च्या महासभेने पाठवलेल्या आणि २०२५मध्ये प्रेसबिटऱ्यांनी मंजूर केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या. एकीने भेदभाव न करण्याच्या यादीत लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द घातले. दुसरी दीक्षेआधीच्या परीक्षेत या तत्त्वांबद्दल विचारण्याशी संबंधित आहे. इथे "आमच्या पुढच्या पाळकाची परीक्षा कशी होईल?" हा प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रेसबिटरीच्या चमूलाच सरळ विचारावा. कारण पंथाच्या शिकवणुकीशी एकरूप राहता येत नाही हे असेल, तर तेही प्रामाणिक कारण आहे. मग तसंच लिहा. कारण धूसर ठेवलं तर मतदानाच्या दिवशी दहा जण दहा वेगवेगळ्या गोष्टींसाठी हात वर करतात.

जायचं तर कुठे, हा प्रश्न मतदानाच्या आधीचा आहे, नंतरचा नव्हे. प्रेसबिटरी बहुधा दुसऱ्या प्रेसबिटेरियन किंवा रिफॉर्म्ड पंथाकडेच निरोप देते. "आम्ही स्वतंत्र राहू" असं म्हणणाऱ्यांना क्वचित. मुख्य दारं तीन. इव्हँजेलिकल प्रेसबिटेरियन चर्च, ईपीसी, १९८१चा. तिथे स्त्रियांना वडील नेमायचं की नाही हे प्रत्येक मंडळी ठरवते. ईसीओ जानेवारी २०१२मध्ये ओर्लँडोत सुरू झाला आणि स्त्री-पुरुष दोघांनाही दीक्षा देतो. या दोन्हींत मालमत्ता मंडळीची. तिसरा प्रेसबिटेरियन चर्च इन अमेरिका, पीसीए, १९७३चा. तिथे स्त्रियांना वडीलपद नाही. ताई, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तुमच्या पंथाच्या उत्तरेकडच्या पूर्वजाने १९३०मध्ये स्त्रियांना वडीलपद दिलं, १९५६मध्ये पाळकपद. सहा जण पीसीएचं नाव घेत असतील तर तुम्ही ज्या खुर्चीवर बसून मत देणार आहात ती खुर्चीच त्या मताने जाईल. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं आहे का? नसेल तर सेशनमध्ये तुम्हीच विचारा. ईपीसीकडे जायचं असेल तर मंडळी स्त्री-वडिलांबाबत काय ठरवणार ते निरोपाआधीच ठरावाने लिहून घ्या.

आता प्रत्यक्ष मतदान. सक्रिय सभासदांची यादी आधी नक्की करा आणि ती प्रेसबिटरीच्या चमूला दाखवा. दर वर्षी नोंद तपासणं हे सेशनचं कामच आहे, पण मतदानाच्या तीन महिने आधी अचानक चाळीस नावं गाळली तर हेतूवर बोट ठेवलं जाणारच. अधिकारपत्रं विसरा: मतदानाचा हक्क हजर असलेल्या सक्रिय सभासदांचा. आजारी सभासदांना आणायला गाड्या ठरवा, व्हीलचेअरसाठी दाराशी दोघांना उभं करा, नाहीतर तेच लोक पुढे तक्रारदार होतात. अध्यक्षस्थानी पाळक असतात, पण ज्याचं स्वतःचं पुढचं आयुष्य या मतावर अवलंबून आहे त्याने बाजूला होऊन प्रेसबिटरीतला दुसरा पाळक बोलवावा हे उत्तम.

आणि दोन तृतीयांश म्हणजे कशाचे, हे नोटिशीतच लिहा. समजा ९६ जण आले. ६२ "होय", ३० "नाही", चार चिठ्ठ्या कोऱ्या. पडलेल्या मतांचे दोन तृतीयांश धरले तर कोऱ्या चिठ्ठ्या वगळून ९२ मतं, हवीत ६२, ठराव पास. "उपस्थितांचे" असं धोरणात असेल तर ९६चे हवेत ६४, ठराव नापास. चार कोऱ्या चिठ्ठ्यांवर एक मंडळी दुभंगू शकते. रॉबर्ट्‌स रूल्स या सभानियमांच्या पुस्तकाप्रमाणे नुसतं दोन तृतीयांश म्हटलं की पडलेली मतं धरतात. पण तुमच्या धोरणाचे शब्द आधी वाचा. चिठ्ठी गुप्त, एकाच रंगाची, एकच वाक्य, दोन चौकोन. मोजणारे चार जण, दोन्ही बाजूंचे दोन-दोन, आणि सोबत प्रेसबिटरीचा एक निरीक्षक. ह्यूस्टनच्या फर्स्ट प्रेसबिटेरियन चर्चमध्ये २०१४मध्ये ठराव दोन तृतीयांशाला ३६ मतं कमी पडून फेटाळला गेला. हजाराहून अधिक माणसं जायला तयार होती, तरी मंडळी थांबली. आकडा आधी मान्य केलेला असला की हरलेली बाजूही तो मानते.

आमचं मत विचाराल तर: धोरणात काहीही असो, पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलात तर जाऊ नका. ८५ माणसांच्या मंडळीतून ३० गेली तर उरलेल्या ५५ जणांना कर्जाचा हप्ता, छप्पर आणि पाळकाचा पगार पेलत नाही.

पैशांचा हिशेब आधीच मांडा. निरोपाच्या अटींत रक्कम असते, कारण २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को प्रेसबिटरीच्या प्रकरणात न्यायमंडळाने सांगितलं की मालमत्तेची किंमत आणि पंथाचं हित न तपासता प्रेसबिटरीने इमारत सोडून देऊ नये. मोठ्या मंडळ्यांनी मोठ्या रकमा दिल्या: डॅलसच्या हायलँड पार्कने ७८ लाख डॉलर, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कने सुमारे ८८ लाख ९० हजार, दोन्ही २०१४मध्ये. तुमच्या आकाराच्या मंडळीसाठी बऱ्याचदा पर कॅपिटा आणि मिशनची देणगी काही वर्षं उतरत्या क्रमाने द्यायची अशी पद्धत असते. उदाहरण म्हणून पर कॅपिटा माणशी ४० डॉलर धरा: १४२ सभासदांचे ५,६८०. मिशनची देणगी ९,००० धरा. वर्षाचे १४,६८०. पाच वर्षं १००, ८०, ६०, ४०, २० टक्के दिले की एकूण तिप्पट, म्हणजे ४४,०४०. यात मूल्यांकनाचा आणि वकिलाचा खर्च वेगळा. वकील घ्यायचाच, पण दावा टाकायला नव्हे, कागद वाचायला, आणि न्यू जर्सीच्या धार्मिक संस्थांच्या कायद्याची, टायटल १६ची, माहिती असलेला.

खरा भार कर्जाचा आहे. पंथाच्या कर्जसंस्थेचा पैसा पंथातल्या मंडळ्यांसाठी असतो, आणि अशा कर्जामागे बहुधा प्रेसबिटरीची हमी असते. निरोपाच्या दिवशी हे २ लाख १० हजार फेडावे किंवा दुसऱ्या बँकेकडे न्यावे लागतील असं धरून चाला. कुठल्याही बँकेला तीन वर्षांचे हिशेब आणि सभासदसंख्या हवी असते, आणि सभासद कमी झालेल्या वर्षी तिच्या दारात उभं राहणं कठीण. म्हणून बँकेकडून लेखी तत्त्वतः मंजुरी मतदानाच्या आधी मिळवा. ती मिळत नसेल तर हीच सगळ्यात मोठी माहिती, आणि ती सभेत सांगायची.

पाळकांचं नातं वेगळं असतं हे मंडळीत फार थोड्यांना ठाऊक असतं. पाळक मंडळीचे सभासद नसतात, प्रेसबिटरीचे असतात. मंडळीला निरोप मिळाला म्हणून त्यांना आपोआप मिळत नाही. त्यांनी स्वतंत्र अर्ज करायचा, नव्या पंथाने त्यांची परीक्षा घ्यायची. त्यांनी आजवर कमावलेलं निवृत्तिवेतन पंथाच्या बोर्ड ऑफ पेन्शन्सकडे सुरक्षित राहतं, पण पुढची भर थांबते आणि आरोग्यविम्याची सोय बदलते. निवृत्तीला तीन वर्षं असलेल्या माणसाला, आणि त्यांच्या पत्नीला, हा फरक डॉलरमध्ये कळायला हवा. तो बोर्डाकडून लेखी मागवायला त्यांना सांगा, आणि घरात बसून बोलायला वेळ द्या.

छोटी कामं शेवटच्या महिन्यात अंगावर येतात. करमाफी आज पंथाच्या सामूहिक परवान्याखाली असेल. नव्या पंथाच्या यादीत नाव जाईपर्यंत खंड पडू देऊ नका. कॉर्पोरेशनचं नाव बदललं तर राज्याच्या विक्रीकर-माफीचं एसटी-५ प्रमाणपत्रही नव्याने. विमा तारखेच्या दिवशी सलग. फलकावरचा, पत्रशीर्षावरचा पंथाचा शिक्का काढायचा, तो नोंदणीकृत बोधचिन्ह आहे. बाप्तिस्म्याची आणि सेशनच्या इतिवृत्तांची पुस्तकं कोणाकडे राहणार ते करारात लिहा, आणि आधी सगळं स्कॅन करा. फिलाडेल्फियातल्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे जुनी पुस्तकं ठेवता येतात. आवारात रक्षाकोनाडे, म्हणजे मृतांच्या अस्थी-रक्षा ठेवायचे कोनाडे, असतील तर प्रत्येक कुटुंबाशी झालेला करार काढा. "सभासदांसाठी" असे शब्द असतील तर राहणाऱ्या विधवेला तिच्या नवऱ्याच्या कोनाड्याजवळ आपली जागा मिळणार का, हे लेखी ठरवा. ही गोष्ट विसरली जाते आणि सगळ्यात जास्त जिव्हारी लागते.

राहणाऱ्यांबद्दल बेतात एक ओळही नाही, ताई. मंडळीला निरोप मिळाला तरी माणसाला कोणी ओढून नेऊ शकत नाही. प्रत्येकाला विचारा, एकांतात, दोन वडिलांनी घरी जाऊन, त्यातला एक वेगळ्या मताचा. राहू इच्छिणाऱ्यांची यादी प्रेसबिटरीला द्या म्हणजे त्यांचं सभासदत्व जवळच्या मंडळीकडे जाईल. ते वीस-पंचवीस असतील आणि एकत्र राहू पाहत असतील तर रविवारी दुपारची वेळ, एक खोली आणि निधीतला त्यांचा रास्त वाटा देण्याची तयारी तुम्हीच दाखवा. बोलण्यांत याचं वजन पडतं, पण तो हेतू ठेवू नका. वर्षानुवर्षं एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतलेली माणसं आहेत ती.

आणि तुम्ही, वडील म्हणून? दीक्षेच्या वेळी पंथाच्या व्यवस्थेप्रमाणे चालेन असं वचन दिलंय, ते निरोप मिळेपर्यंत बांधतं. वेगळं मत असायला बंदी नाही. गुपचूप बैठका आणि पैसे हलवणं यांना आहे. तुमच्याशिवाय सहा जण एखाद्याच्या घरी "प्रार्थनेला" भेटत असतील आणि तिथे ठराव ठरत असतील, तर पुढच्या बैठकीत शांतपणे सांगा की सेशनचं काम सेशनमध्येच, क्लर्कच्या इतिवृत्तासह, व्हावं.

पुढच्या बैठकीसाठी ठराव असा मांडा. सूचक तुम्ही, अनुमोदक शक्यतो त्या सहांपैकी एक: "बोलावलेली मंडळीची सभा रद्द करावी. निधीचं कोणतंही हस्तांतर करू नये. प्रेसबिटरीच्या निरोप-धोरणाची प्रत क्लर्कने या आठवड्यात मागवावी आणि विवेचनाचा काळ सुरू करण्याची विनंती प्रेसबिटरीला पाठवावी." मतं मोजून इतिवृत्तात आकडे लिहायला सांगा. सहा विरुद्ध तीनने पडला, तर तुमचं विरोधी मत नावासह नोंदवून घ्या आणि त्याच दिवशी स्टेटेड क्लर्कला कळवा. ते चुगली केल्यासारखं वाटेल. पण प्रेसबिटरीला हे उशिरा कळलं, तर तेव्हा सगळ्यात आधी इमारत जाईल, आणि ती जाण्याच्या बाजूच्या लोकांचीही आहे.